काकांची वॅगनआर माझ्या नावावर होईपर्यंत

गाडी घ्यायची हे २०२५च्या जूनमध्ये ठरलं आणि ती कागदोपत्री माझी झाली २१ नोव्हेंबरला. मधले पाच महिने मी मैत्रिणींना, ऑफिसातल्यांना आणि झेरॉक्सवाल्यालाही इतके प्रश्न विचारले की आता उत्तरं लिहून ठेवणं माझं कर्तव्यच आहे. आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. माझ्या नवऱ्याला गाडी येत नाही आणि शिकायचीही नाही. मला येते, कारण माहेर नाशिकचं आणि तिथे भावाची गाडी हाताला होती.

निमित्त सासूबाईंच्या गुडघ्याचं. ठाण्याला फिजिओथेरपी, आठवड्यातून तीनदा. सकाळी नऊला रिक्षावाला हात केला की मान फिरवतो आणि आई तोवर फुटपाथच्या कडेला एका पायावर भार टाकून उभ्या. त्यात ऑक्टोबर २०२४पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर छोट्या गाड्यांचा टोल बंद झालेला. आनंदनगर नाक्यावर रोज जाता-येता पैसे मोजायचे असते, तर मी कदाचित विचारही केला नसता.

जुनीच का, हे सगळ्यांनी विचारलं. बजेट तीन लाख, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, आणि इथल्याच जुन्या गाडीवर तो आधीच भरलेला असतो. तिसरं कारण आमची गल्ली. एका बाजूला भाजीवाले, दुसऱ्या बाजूला दुचाक्या. तिथे पहिला ओरखडा दुसऱ्या कुणीतरी आधीच पाडून ठेवलेला बरा.

जुलै गाड्या बघण्यात गेला. ठाण्याच्या एका डीलरकडे पांढरी स्विफ्ट होती, भाव बाजारापेक्षा साठ हजारांनी कमी. नंबर बघितला तर दिल्लीचा. तिकडे तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध होते, त्यामुळे वय होत आलेल्या गाड्या इकडे स्वस्तात यायच्या. पण मग तिकडची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, इथला कर, नवा नंबर, असं सगळं आपल्या गळ्यात. डीलर हे सगळं माझ्या नवऱ्याला समजावत होता. प्रश्न मी विचारायचे, उत्तर तो ह्यांच्याकडे बघून द्यायचा. ह्यांनी शेवटी हात जोडले, "मला क्लच कुठे असतो ते माहीत नाही, मॅडमशी बोला." तरी पुढचं वाक्य ह्यांनाच.

भांडुपला एक सीएनजी गाडी बघितली. मालक म्हणाला कंपनी फिटिंग, पण आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, इंधन नुसतं पेट्रोल. म्हणजे किट बाहेरून बसवलेलं आणि नोंद केलेली नाही. टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी करावी लागते, तिचा कागदही नव्हता. मोबाईलवरून गाड्या विकणाऱ्या एका कंपनीचीही गाडी बघितली. चकचकीत होती, दोनशे मुद्दे तपासल्याचा रिपोर्ट होता, पण आधीचा मालक कोण, गाडी कुठे उभी राहायची, काही कळेना. "ती माहिती आम्ही देत नाही, मॅडम."

मग १८-१९ ऑगस्टचा पाऊस आला. दोन दिवस लोकल कोलमडलेल्या, गाड्या जागोजागी पाण्यात. मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होते आणि मनात येत होतं, यातल्या किती गाड्या महिनाभरात धुऊन-पुसून विकायला निघतील! तेव्हापासून कुठलीही गाडी बघायला गेले की आधी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा. शेवटचा हातभर पट्टा सहसा कुणी बाहेर काढत नाही, तिथे चिखलाची रेघ राहते. सीटखालचे स्क्रू गंजलेले आहेत का तेही बघायचं, आणि पायाखालचं कार्पेट उचलून नाक जवळ न्यायचं. हे शेवटचं करताना लाज वाटते, पण करावं.

खरी गाडी मात्र आरतीच्या वेळी सापडली. ३० ऑगस्टला, शनिवारी, आमच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या सामायिक गणपतीपुढे मंत्रपुष्पांजली चालू होती. प्रसाद वाटताना शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, तुम्ही गाडी शोधताय ना? ह्यांची काढायचीय. लेक ओरडते रोज, बाबा आता चालवू नका म्हणून." काकांचा उजवा हात गेली दोन वर्षं थरथरतो हे आम्हाला दिसत होतं. गाडीपर्यंत विचार पोचला नव्हता.

वॅगनआर व्हीएक्सआय, पेट्रोल, २०१७ची, पहिलेच मालक, ४१ हजार किलोमीटर. नंबर एमएच ०३, म्हणजे मुंबई पूर्व, म्हणजे आमचंच आरटीओ. एजंटने ठाण्याच्या गाडीसाठी वेगळे पैसे आणि जास्त दिवस सांगितले होते, तो प्रश्न इथे निकालात.

तपासणी मी दोन टप्प्यांत केली. पहिल्या टप्प्याला पैसे लागले नाहीत. सकाळी साडेपाचला बादली घेऊन येणारा गाड्या धुणारा पोरगा दोन्ही सोसायट्यांच्या गाड्या धुतो. त्याला विचारलं. म्हणाला, "काका की गाडी हफ्ते में दो बार निकलती है. मंगलवार सिद्धिविनायक, इतवार बेटी के घर." त्यांच्या वॉचमनला विचारलं, १९ तारखेला पाणी कुठवर आलं होतं? त्याने गेटपासून बोट दाखवलं. पंपाजवळच्या तीन गाड्यांची चाकं बुडाली होती, काकांची जागा उंचावर, जिन्याला लागून. वर न विचारता माहिती दिली, की मागच्या दिवाळीत काकांनी रिव्हर्स घेताना बंपर खांबाला लावला होता. बंपर बघितला. रंगाची छटा जराशी वेगळी होती खरी. कंपनीच्या दोनशे मुद्द्यांत हे आलं असतं की नाही कोण जाणे.

दुसरा टप्पा ७ सप्टेंबरच्या रविवारी. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण आणि दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. आईंचा हुकूम, "बघायचीय ती दुपारी वेध लागायच्या आत बघून घ्या." मिठागर रोडकडचा मेकॅनिक सकाळी दहाला आला, हजार रुपये ठरवून. सुरुवात त्याने दारांच्या रबरापासून केली. रबर ओढून खालचे वेल्डिंगचे ठिपके बघितले, कंपनीचे आहेत म्हणाला. बॉनेटच्या बोल्टवरचा रंग उडालेला नाही, म्हणजे पत्रा काढलेला नाही. मग टायर. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. आमच्या पुढच्या दोन टायरांवर २३१९ होतं, म्हणजे २०१९च्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी अगदी छान शिल्लक होती, पण रबर सहा वर्षांचं. "दिसायला तरुण, आतून म्हातारे," मेकॅनिक म्हणाला. चारही बदलायचे ठरले.

गाडीच्या कप्प्यात काकांची वही निघाली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरलेल्याची नोंद, तारीख, किलोमीटर, लिटर, रुपये, कुठला पंप. २०१७चं अक्षर छापल्यासारखं. २०२३च्या सुमाराला ओळी हलायला लागतात. शेवटच्या पानांवर आकडे कळतात, पंपाचं नाव कळत नाही. मीटर मागे फिरवला आहे का, हे तपासायला कंपनीच्या वर्कशॉपमधून गाडीच्या नंबरवर सर्व्हिसचा इतिहास काढता येतो. तो काढला आणि वहीशी ताडून पाहिला. जुळला.

८ सप्टेंबरला परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला आणि गोची लक्षात आली. आरसीवर अजून बँकेचा बोजा. काकांचं कर्ज २०२१मध्येच फिटलेलं, पण बोजा उतरवायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बँकेचं तेव्हाचं एनओसीचं पत्र काकूंनी कपाटातून काढलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं. पण त्या पत्राची मुदत असते, ती कधीच संपली होती. नवं पत्र मागायला काका १० तारखेला शाखेत गेले. मग १६ला, मग २४ला. पत्र हातात आलं २९ला, एकोणीस दिवसांनी. सोबत बोजा उतरवायच्या फॉर्म ३५च्या दोन प्रतींवर बँकेचा सही-शिक्का घ्यायला विसरू नका. आमची एक प्रत बँकेने शिक्क्याविना दिली होती, ते दारातच दिसलं म्हणून एक फेरी वाचली.

ई-चलानही तपासून घ्यावं. काकांच्या नावावर पाचशेचं एक निघालं, दादरचं, नो पार्किंग. "फुलं घ्यायला दोन मिनिटं थांबलो होतो," काका तावातावाने म्हणाले. काकूंनी तिथल्या तिथे माझ्याच फोनवरून भरायला लावलं. एप्रिल २०१९ आधीच्या गाड्यांना नवी एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट सक्तीची आहे आणि ती नसेल तर नावावर करण्याचं काम अडतं. मुदत तेव्हा पुन्हा वाढून ३० नोव्हेंबर झाली होती, पण काकांनी पेपरात वाचून जुलैतच बसवून घेतलेली. ७४५ रुपये आणि वर जीएसटी, पावती वहीत चिकटवलेली.

राहिला भाव, आणि शेजारी गाडी घेण्यातला हा सगळ्यात अवघड भाग. अनोळखी माणसाशी मी घासाघीस करू शकते. पण ज्यांच्या घरून दर संक्रांतीला तिळाच्या वड्या येतात त्यांना "टायर म्हातारे आहेत" कसं म्हणायचं? काकांनी सव्वातीन सांगितले होते. तेवढ्यात ३ सप्टेंबरच्या बैठकीत छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आणायचं ठरलं, २२ तारखेपासून. नव्या वॅगनआरचं सुरुवातीचं मॉडेल एक्स-शोरूम पाच लाखांच्या आत आलं, आणि जुन्या गाड्यांचे भाव आपोआप खाली सरकले. पितृपक्षात आईंनी विषयच काढू दिला नाही. २२ला घटस्थापना आणि नवा दर एकाच दिवशी लागू. संध्याकाळी आम्ही दोघं गेलो. मी मेकॅनिकने लिहिलेला कागद पुढे ठेवला आणि गप्प बसले. काकांनी चष्मा लावून वाचला, वर न बघता म्हणाले, "दोन पंच्याऐंशी. आता ह्याच्या खाली मागू नकोस." मागितलं नाही. अकरा हजार विसार दिला, साध्या कागदावर दोघांच्या सह्या करून. उरलेले पैसे १ ऑक्टोबरला बँकेतून बँकेत. रोख देऊ नये, कितीही ओळख असली तरी.

दसऱ्याला गाडी घेतली. झेंडूचं तोरण काकूंनीच आणलं होतं. हार घालण्याआधी एक रुक्ष काम केलं, ते तुम्हीही करा. डिलिव्हरी नोट. गाडीचा नंबर, किलोमीटर, तारीख आणि वेळ, ११.४०. त्या मिनिटानंतर काही झालं तर जबाबदारी माझी, आधीची त्यांची. आरसीवर नाव बदलेपर्यंत चलान जुन्या मालकाच्याच मोबाईलवर जात राहतात, तेव्हा हा कागद दोघांच्याही उपयोगाचा.

आता आरटीओ. मालकी बदलल्याचं राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत कळवायचं असतं. मालकी बदलल्याचं कळवायच्या फॉर्म २९च्या दोन प्रती, नाव बदलायच्या अर्जाचा फॉर्म ३०, बोजा उतरवायचा फॉर्म ३५, आरसी, विमा, पीयूसी, दोघांचे आधार-पॅन, फोटो. चासी नंबर पेन्सिल घासून कागदावर उतरवून घ्यावा लागतो, तो मेकॅनिकने दोन मिनिटांत करून दिला. एजंट साडेपाच हजार मागत होता. मी स्वतः करायचं ठरवलं, थोडं पैशासाठी आणि थोडं त्या ठाण्याच्या डीलरच्या रागाने.

६ ऑक्टोबरला अर्ज भरायला बसले आणि पहिल्याच पायरीवर अडले. ओटीपी काकांच्या फोनवर येईना. रेकॉर्डवरचा मोबाईल नंबर भलत्याच कुणाचा, बहुधा शोरूममधल्या माणसाने घाईत स्वतःचा टाकलेला. आधी तो बदलावा लागला. त्यासाठी चासी नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीची तारीख लागते, सगळं आरसीवर असतं. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. फी ऑनलाइन, स्मार्ट कार्ड आणि टपालासकट हजाराच्या आत.

९ तारखेला कागद घेऊन वडाळ्याला गेले, ट्रक टर्मिनलजवळ. कुर्ल्याला हार्बर पकडून जीटीबी नगर, तिथून रिक्षा. कागद घेतले गेले, मी दीडला बाहेर. इतकं सोपं? नव्हतं. विम्याचं काम मात्र मधल्या वेळात झालं. फॉर्मच्या प्रती आणि फीची पावती दाखवून १३ तारखेला अर्ज केला. गाडी घेतल्यापासून चौदा दिवसांत हे करावं, नाहीतर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडू शकतो. आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, माणसाचा असतो. काकांचा ५० टक्के त्यांच्याबरोबर गेला आणि उरलेल्या महिन्यांचा फरक मी भरला, २,१४० रुपये.

दिवाळीआधी एसीने मान टाकली. कूलिंग कॉइल गळत होती, ६,८०० रुपये. काकांना सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. पण मेकॅनिक दोघांचा एकच. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी काका जिना चढून वर आले, पाकीट टेबलावर ठेवलं, "मला का नाही सांगितलंस?" आत तीन हजार चारशे. बरोबर निम्मे. मी नको म्हटलं तर रागावले. घेतले. शेजारी गाडी घेतली की काहीच लपत नाही, ना त्यांचं ना आपलं.

भाऊबीजेनंतर अर्जाची स्थिती पाहिली तर शेरा आलेला, विकणाऱ्याची सही रेकॉर्डशी जुळत नाही. मला एकदम ती वही आठवली. काका दुसऱ्या कुठल्या शहरातले असते तर माझं काम तिथेच लोंबकळलं असतं. हे शेजारच्या सोसायटीत राहणारे. "चल, मीच येतो," म्हणाले. २८ ऑक्टोबरला त्यांना त्यांच्याच गाडीतून वडाळ्याला नेलं. ते पहिल्यांदाच डावीकडच्या सीटवर बसले होते. विक्रोळीपर्यंत त्यांचा उजवा पाय न दिसणारा ब्रेक दाबत होता.

खिडकीवरच्या कारकुनाने समोर सही करायला सांगितली. काकांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पहिली सही ओळीच्या बाहेर गेली. दुसरीत आडनाव अर्धं राहिलं. मागे रांगेतला एक जण घड्याळ बघत होता. कारकून म्हणाला, "सावकाश करा बाबा, मी आहे इथेच." तिसरी जमली. त्याने आधार आणि पॅनवरच्या फोटोंकडे, मग काकांच्या हाताकडे बघितलं आणि कागद आत घेतले. परत येताना काका चेंबूरपर्यंत काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिसऱ्या गिअरमध्ये जरा जास्त वेळ राहतेस तू."

६ नोव्हेंबरला मंजुरीचा मेसेज, २१ला स्पीड पोस्टाने आरसी. माझं नाव, बोजाचा रकाना रिकामा. मी पाकीट दोनदा उघडून बघितलं. गाडीचे २,८५,०००, टायर १३,६००, एसीचा माझा वाटा, मेकॅनिक, विमा, फी आणि दोन वेळा वडाळा धरून हिशोब तीन लाख सात हजारांच्या आसपास गेला. बजेटच्या थोडा वर, पण आश्चर्याचे धक्के कमी.

एक गोष्ट आधी विचारायला हवी होती, ती पार्किंगची. आमच्या सोसायटीत आरसीवर नाव असल्याशिवाय स्टिकर मिळत नाही. जागा आहे का, भाडं किती, कागद कुठले, हे सेक्रेटरींकडून गाडी ठरवण्याआधीच लेखी घ्या. आमची गाडी या कारणाने सात आठवडे काकांच्याच जागेवर, जिन्याला लागून उभी होती आणि तो पोरगा ती रोज काकांची म्हणूनच धूत होता. पैसे मात्र माझ्याकडून.

२३ नोव्हेंबरला, रविवारी सकाळी, ती तिथून काढली. एका गेटमधून बाहेर, दुसऱ्या गेटमधून आत. साठ-सत्तर पावलं असतील. काका स्वेटर घालून आमच्या आवारात आधीच येऊन उभे होते. माझी जागा दोन खांबांच्या मधली, रिव्हर्समध्ये घालावी लागते. त्यांनी थरथरणारा हात मागे ठेवला आणि डाव्या हाताने खुणा करायला लागले.

"उजवीकडे काप. अजून. अजून ये. खांब बघतोय मी, तू आरशात बघ. अजून थोडी... बस."